वारा फिरल्याची वर्दी

आल्बी रॉडाला उभ्या जन्मात काम असं एकच मिळालं, आणि तेही त्याला कुणी दिलेलं नव्हतं. उन्हाळ्यात वारा फिरला, की तो गावभर दारं ठोठावत सुटायचा, "वारा फिरला! खिडक्या उघडा!"

ॲडलेडच्या बाजूला समुद्रकाठी असलेल्या पोर्ट ट्रेवीनाच्या माणसांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. तिथला उन्हाळा डिसेंबरात लागतो, आणि उन्हाळा म्हणजे उत्तरेचा वारा. तो वाळवंटावरून तापून येतो, सोबत लाल धूळ आणतो, आणि एकदा लागला की चार-चार, पाच-पाच दिवस हटत नाही. अशा दिवसांत गाव सकाळीच दारं-खिडक्या लावून घेतं, पडदे ओढतं, दारावर ओली चादर टांगतं आणि अंधारात निपचित पडून राहतं. शेगडी कुणी पेटवत नाही. थंड मांसाचे काप, टोमॅटो, पाव, एवढ्यावर दिवस काढायचा. मग एखाद्या दुपारी खाडीपलीकडे नैऋत्येचं आभाळ काळंनिळं होतं, वारा अचानक दम खातो, माश्या दिसेनाशा होतात, आणि समुद्रावरून असा गार सोसाटा येतो की घामाचं अंग शहारतं. वीज कडाडते, धूळ उठते, पावसाचे चार चिखलाळ थेंब पडतात. त्याच वेळी घर उघडलं तर ठीक, नाहीतर दिवसभराची आग भिंतींच्या आत तशीच कोंडून राहते. पण अंधारात कोंडून घेतलेल्यांना हे कळावं कसं? आल्बी सांगायचा.

याची सुरुवात त्याच्या आईपासून झाली. ती एका उन्हाळ्यात फार आजारी होती. बाप धक्क्यावर गव्हाची पोती जहाजांत चढवायचा, आणि घरात थोरली मर्टल आईला वारा घालत बसलेली. आल्बी तेव्हा शाळेतून कायमचा घरी आलेला. अक्षर त्याच्या डोक्यात टिकायचं नाही. मास्तरांनी सांगून टाकलं होतं, याला इथे बसवून काही उपयोग नाही. बापाने त्याला दुसरं काम दिलं.

"हे बघ, धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहा. गालाला गार वारा लागला, की पळत घरी ये आणि मर्टलला सांग. जमेल?"

"कुठल्या गालाला, बाबा?"

बाप हसला. मग त्याने पोराला दक्षिणेकडे तोंड करून उभं केलं आणि उजव्या गालावर थोपटलं. "या गालाला."

आल्बी धक्क्यावरून पळत यायचा, तेव्हा वाटेतल्या बायका दारं किलकिली करून विचारायच्या, "काय रे, फिरला का?" तो सांगायचा. पुढच्या वेळी त्यांनी विचारण्याआधीच तो थांबून सांगू लागला. आई त्या उन्हाळ्यात वाचली, आणखी काही वर्षं जगली. आल्बीचं धावणं मात्र कायमचं चालू राहिलं. मोठा झाल्यावर त्याला एक जुनी सायकल मिळाली. त्याची हद्द वाढली. धक्क्यापासून चॅपलपर्यंत, आणि चॅपलपासून पार गव्हाच्या कोठारांपर्यंत. कुणी त्याला आल्याचं सरबत द्यायचं, कुणी केकचा तुकडा. बोलिंगच्या हिरवळीवर चेंडू घरंगळवणारे म्हातारे त्याची थट्टा करायचे.

"आल्बी, आज उशीर केलास रे. पगार कापू का?"

"वारा उशिरा आला. माझा काय दोष?" आल्बी गंभीरपणे म्हणायचा, आणि म्हातारे गुडघ्यांवर थापा मारून हसायचे.

टवाळ पोरं भर थंडीत त्याला विचारायची, वारा फिरला का. तो थांबून, तोंड दक्षिणेकडे करून खरोखर बघायचा आणि सांगायचा, "नाही. थंडीत फिरत नाही." त्याला थट्टा कळायची नाही, त्यामुळे पोरांचाच विरस व्हायचा.

मर्टल त्याच्याहून बरीच मोठी. आईबाप एकामागोमाग गेले तेव्हा ती बेकरीत काम करत होती. पहाटे जाऊन मांस-बटाट्याच्या पेस्ट्या वळायच्या, दुपारी घरी येऊन आल्बीला जेवायला घालायचं. ती दिसायला उंच, बोलायला फटकळ. चॅपलमध्ये तिचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. धान्य खरेदीच्या कचेरीतला रेक्स टॉनकिन तिला बघायला रोज सकाळी बेकरीत येऊन पेस्टी विकत घ्यायचा. त्याला पेस्टी आवडत नाही, हे गावाला माहीत होतं. दोन वर्षं हे चाललं. ते रविवारी धक्क्यावर फिरायला जायचे, आल्बी चार पावलं पुढे. लग्नाची बोलणी अगदी तोंडाशी आली होती. मग एका संध्याकाळी फाटकापाशी उभं राहून रेक्स म्हणाला,

"ॲडलेडला अशा लोकांसाठी चांगली जागा आहे, मर्टल. मी चौकशी केलीय. बाग आहे, सुतारकाम शिकवतात."

"अशा म्हणजे कशा लोकांसाठी?"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

"मला कळतंय. तू बोलून दाखव."

रेक्सने ते बोलून दाखवलं नाही. मर्टलने फाटक लावलं. एवढंच झालं. दुसऱ्या दिवसापासून रेक्स बेकरीत यायचा थांबला. पुढे त्याने शेजारच्या गावातली एक शांत मुलगी केली आणि तो स्मेल्टर रस्त्याच्या टोकाला राहू लागला. आल्बीला यातलं काहीच माहीत नव्हतं. वारा फिरला की तो रेक्सच्या दारातही जायचा, आणि रेक्सची बायको त्याला सरबताचा ग्लास भरून द्यायची. मर्टल हे सगळं वरवर विसरली. मनातून विसरली की नाही, हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिला सांगायला होतंच कोण? घरी आल्बी होता, आणि आल्बीला तिने फक्त इतकंच सांगितलं की रेक्स आता कामात असतो.

वर्षं गेली. बेकरी दुसऱ्यांनी घेतली, मर्टल घरी बसली. रेक्सची बायको वारली. आणि गावात एसी आले.

आधी बँकेत आला, मग दवाखान्यात, मग एकेका घरात. घरांच्या बाजूला लोखंडी डबे लटकू लागले. उत्तरेचा वारा सुटला की सगळे एका सुरात घुमायचे. आल्बी आपला सायकलवरून यायचा, दार ठोकायचा. एक नाही, दोन नाही. फार ठोकलं की दार बोटभर उघडायचं.

"बरं बरं, आल्बी, कळलं. दार लाव, बाबा, गारवा जातोय."

पहिल्यांदा असं झालं त्या दिवशी तो घरी येऊन पायरीवर बसून राहिला. मर्टलने त्याच्यापुढे जेवण ठेवलं, त्याने हात लावला नाही.

"मर्ट, डल्सी म्हणाली गारवा जातोय."

"कुठे जातोय?"

"तिच्या घरातून. गारवा तिच्या घरात आहे म्हणाली. पण मी बाहेरूनच आलो ना? गारवा तर बाहेर होता."

डल्सी म्हणजे शेजारीण, गावातल्या बातम्यांचं कोठार. वाईट बाई नव्हे. मर्टल दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाऊन म्हणाली, "दोन शब्द बोलून घेत जा त्याच्याशी. तुझं वीजबिल त्याने वाढणार नाही." डल्सी ओशाळली. पुढच्या खेपेला तिने दार सताड उघडून "अगबाई, खरंच की!" असा मोठा गजर केला. आल्बी खूश. पण घरोघर जाऊन असं सांगणार तरी किती? हळूहळू दारं उघडेनाशी झाली. आल्बीने जाणं सोडलं नाही. दार उघडो न उघडो, तो ठोकायचा, ओरडायचा आणि पुढच्या घरी जायचा. मर्टल कधी म्हणायची, "अरे, त्यांना लागत नाही आता." त्यावर तो म्हणायचा, "झोपले असतील. उठल्यावर कळेल त्यांना."

साठी उलटली आणि आल्बीच्या पायांना सूज यायला लागली. चार पायऱ्या चढला की भात्यासारखा धापायचा. दवाखान्यात नवी डॉक्टर आली होती, परेरा नावाची, मृदू बोलणारी. तिने आल्बीची छाती ऐकली, त्याला बाहेर बसवलं आणि मर्टलला आत थांबवलं.

"त्यांचं हृदय फार थकलंय, मिस रॉडा. उन्हाळा त्यांना सोसायचा नाही. घरात एसी आहे ना?"

"नाही."

"मग बसवून घ्या. आणि सायकल बंद. धावपळ बंद. गरम दिवसांत तर त्यांना पायरीसुद्धा उतरू देऊ नका."

"आणि वारा फिरल्यावर?" मर्टलने विचारलं.

डॉक्टर गावात नवी होती. तिला प्रश्न कळला नाही. "गार झालं तर उत्तमच की," ती म्हणाली.

मर्टलने एसी बसवला. सायकल तिने चॅपलच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाकली. आल्बीला सांगितलं, दुरुस्तीला दिलीय. जन्मात ती त्याच्याशी फारशी खोटं बोलली नव्हती, आणि हे खोटं तिला टोचत राहायचं, कारण तो दर सोमवारी विचारायचा, "झाली का गं दुरुस्त?"

त्या वर्षीचा उन्हाळा सरता सरत नव्हता. मार्च लागला होता, शाळा कधीच सुरू झाल्या होत्या, द्राक्षं उतरली होती, आणि लोक म्हणत होते की आता संपलं. तोच उत्तरेचा वारा पुन्हा लागला. आल्बी बैठकीच्या खोलीत एसीसमोरच्या खुर्चीत पाय उशीवर टाकून बसायचा. त्याला ते यंत्र मुळीच आवडायचं नाही.

"मर्ट, हे बंद कर ना. मला वारा ऐकू येत नाही."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"त्या बाईंना माहीत नसेल. त्या श्रीलंकेच्या आहेत."

"श्रीलंकेत काय वारा नसतो?"

तो विचारात पडला. "असेल. पण त्यांचा त्यांना ऐकू येत असेल."

मर्टलला हसू आलं. रात्रीची झोप तिला उरली नव्हती. आडवा झाला की आल्बीला श्वास पुरेना, म्हणून ती त्याला उशांवर टेकवून बसवायची आणि शेजारी जागत बसायची. तिचंही वय सत्तरीच्या पुढे गेलेलं. दिवसा डोळे मिटायचे, मान लुळी पडायची. रेडिओवर सांगत होते, संध्याकाळपर्यंत नैऋत्येकडून गार वारे, वादळाची शक्यता. आल्बीचा रेडिओवर भरवसा नव्हता. "तो माणूस ॲडलेडला बसलाय," तो म्हणायचा. "त्याच्या गालाला काय कळणार?"

त्या दुपारी मर्टलने त्याला थंड मांस आणि काकडी खायला घातली, ओला टॉवेल मानेवर टाकला, आणि "जरा पाठ टेकते" म्हणून सोफ्यावर बसली. बसली ती झोपलीच.

जाग आली ती थंडीने. दंडांवर काटा आला होता. आधी तिला वाटलं, एसी फार झाला. मग दिसलं, पुढचं दार उघडं होतं आणि दारावरची चादर वाऱ्याने आडवी होऊन आत फडफडत होती. आल्बीची खुर्ची रिकामी होती. काठी नव्हती. बूट दारामागेच होते, म्हणजे तो सपाता घालूनच गेला होता.

ती अनवाणी फाटकापर्यंत धावली. आभाळ समुद्रापासून डोक्यावरपर्यंत काळं पडलं होतं, आणि त्याच्या पोटातून विजा सरसरत होत्या. कोठारांच्या बाजूला धुळीची भिंत उभी. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. "आल्बी!" तिने हाक मारली. वाऱ्याने हाक तोंडातच मोडली. चॅपलमध्ये सगळ्यांच्या वर जाणारा तिचा तो आवाज, पण इथे तो तिला स्वतःलाच ऐकू येईना.

ती डल्सीच्या दारावर धडकली. मुठी आपटल्या. आत एसी घुमत होता. पुढच्या दारावर गेली, तिथेही तेच. तिसरं दार, चौथं. पडद्यांच्या फटींतून टीव्हीचा निळा उजेड दिसत होता, कुणी तरी आत हसत होतं. दार कुणी उघडेना. "अहो, आल्बीला पाहिलंत का? आल्बी आला होता का इकडे?" ती बंद दारांशी बोलत होती.

मग कोठारांकडे मोठा कडकडाट झाला. निलगिरीचं एक जुनं झाड विजेच्या तारांवर कोसळलं होतं. सगळ्या रस्त्याची घुमघुम एका दमात थांबली. असं शांत झालं की पत्र्यावर पडलेले पावसाचे पहिले थेंब मोजता यावेत. क्षणभराने एक दार उघडलं. मग दुसरं. लोक व्हरांड्यात येऊ लागले, आभाळाकडे बघू लागले, हात पसरून अंगावर वारा घेऊ लागले. कुणी खिडकी वर सरकवली, कुणी पोरांना हाक मारली.

"अरे, फिरला की वारा! कधी फिरला?"

"काय मस्त गार सुटलंय!"

"अगं, ये बाहेर, ये लवकर!"

सणासारखं झालं होतं. त्या आनंदातून मर्टल रॉडा, सत्तरीची बाई, मोकळ्या पांढऱ्या केसांनी, अनवाणी पायांनी रस्त्याच्या मधून चालली होती. डल्सीने आपल्या व्हरांड्यातून आरोळी ठोकली, "मर्टल! वारा फिरला गं!" आणि मग तिला मर्टलचा चेहरा दिसला. ती पायऱ्या उतरून धावत आली.

"काय झालं?"

"आल्बी."

पुढे एवढंच पुरलं. रस्त्यातली सगळी माणसं पावसात उतरली. कुणी धक्क्याकडे पळालं, कुणी मैदानाकडे. तो चॅपलच्या रस्त्यावर सापडला, चॅपलच्या शेजारच्या सभागृहाच्या भिंतीला टेकून बसलेला. काठी मांडीवर आडवी. एक सपात पायात, एक नव्हती. डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं, पावसाचं पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. डॉक्टर परेरा भिजत आली, रस्त्यातच गुडघे टेकून बसली. मनगट धरलं, मानेला बोटं लावली. मग तिने मर्टलकडे पाहिलं आणि आपलं जाकीट काढून त्याच्या अंगावर घातलं.

"त्याला नको ते," मर्टल म्हणाली. "त्याला उकडतं."

अंत्यविधीच्या दिवशी हवा सुरेख होती. तीन दिवस पाऊस-वारा होऊन आभाळ धुतलेलं, समुद्र निळा, लोक वर्षात पहिल्यांदा लोकरीचे कपडे घालून आले होते. सगळं चॅपल भरलं. बाहेर पडताना जो तो म्हणत होता, "बरं झालं, हवा चांगली मिळाली." मर्टलला त्या हवेचाच राग येत होता. हात मिळवायला आलेल्यांचे तळवे गार होते, त्याचाही. बायकांनी घरोघरीची भांडी आणून तिच्या ओट्यावर मांडली होती, मटण, बटाटे, पुडिंग. चार माणसांना आठ दिवस पुरेल एवढं अन्न, आणि खाणारी एक.

"सुटला बिचारा," डल्सी म्हणाली. "आणि खरं सांगू? तूसुद्धा सुटलीस. आता तरी जरा स्वतःसाठी जग."

"काय करू? नाचायला जाऊ?"

"तसं नाही गं मी म्हणत..."

"माहीत आहे मला तू कसं म्हणतेस ते. जा आता, डल्सी. उद्या ये. आज जा."

सगळे गेले असं तिला वाटलं. पण मागच्या दारात रेक्स टॉनकिन उभा होता, हातात टोपी घेऊन. म्हातारा झाला होता, कोट खांद्यांवरून ओघळत होता. इतक्या वर्षांत तो त्या फाटकातून आत आला नव्हता.

"बसू का?"

तिने खुर्चीकडे मान केली. चहा ओतला. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"माझ्याकडे आला होता तो," रेक्स म्हणाला. "त्या दुपारी. मी एसी बसवलेला नाही. मला तो आवाज सोसत नाही. दार उघडं टाकून बसलो होतो. तो फाटकातून आत आला, म्हणाला, वारा फिरला, रेक्स. म्हटलं, कळलं, बाबा. आत ये, बस, तुझा चेहरा बघ कसा झालाय."

"मग?"

"आत येईना. सरबत दिलं. उभ्याउभ्या प्यायला. म्हटलं, मी तुला घरी पोचवतो. तर म्हणाला, चॅपलच्या रस्त्यावरची घरं राहिलीत अजून."

मर्टलने कप खाली ठेवला. तो बशीवर वाजला. "आणि तू जाऊ दिलंस."

"हाताला धरलं होतं मी त्याला."

"मग सोडलं कशाला? दोन रस्त्यांवर मी होते, रेक्स! कुणाला तरी हाक मारली असतीस, येऊन मला उठवलं असतंस. नुसतं उठवलं असतंस!"

"मी त्याच्या मागे निघालो, मर्टल. कोपऱ्यापर्यंत गेलो. पण कमरेमुळे मला चालवेना. त्याने वळून पाहिलं आणि म्हणाला, रेक्स, तू म्हातारा झालायस, धावू नकोस, पडशील." रेक्सने कप बाजूला सारला. "मला म्हणाला. मला."

मर्टलच्या तोंडून आवाज निघाला, तो हसण्याचा होता की रडण्याचा, तिचं तिलाही कळलं नाही. मग मात्र रडण्याचाच झाला. ती टेबलावर डोकं टेकून रडली, चॅपलमध्ये रडली नव्हती तेवढी. रेक्सने तिला हात लावला नाही. तो उठला, ओट्यावरची भांडी झाकली, नळाखाली कप धुतले, पुसून ठेवले. जाताना म्हणाला, "काही लागलं तर कळव." ती म्हणाली, "कळवीन." तिने कधी कळवलं नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही. रस्त्यात भेटले की दोघं थांबून हवेबद्दल बोलत, एवढाच काय तो फरक पडला.

तिच्या मनाला एकच गोष्ट कुरतडत होती. दार उघडून तो बाहेर पडला तेव्हा तिच्याजवळून गेला असणार. सगळ्यात आधी त्याने तिलाच सांगितलं असणार, कारण बाबांनी तसंच शिकवलं होतं, मर्टलला सांग. मग ती उठली का नाही? की तिचा थकलेला चेहरा पाहून त्याने तिला उठवलंच नाही? एकदा डॉक्टर परेराला तिने हे विचारलं. डॉक्टर म्हणाली, "ते घरी खुर्चीत असते तरी फार दिवस काढले नसते." हे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं होतं, पण मर्टलने आभार मानले.

एप्रिल गेला. उन्हाळ्याचा मागमूस राहिला नाही. मे महिन्यात तिने आल्बीचं कपाट रिकामं केलं. विजारी, सदरे, रविवारचा कोट, सगळं घड्या घालून चॅपलच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात नेऊन दिलं. ठेवायचं काय आणि कुणासाठी? परत येताना हात मोकळे होते आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं, हे तिला सुचेना. तिने ते खिशात घातले.

जूनमध्ये एका सकाळी ती खाटकाच्या दुकानात रांगेत उभी होती. बाहेर बोचरी थंडी. तिच्या पुढे एक दांडगी बाई होती, गहू नेणाऱ्या ट्रकवरची चालक, गावात नवी. तिच्या अंगात गडद तपकिरी स्वेटर होता. कोपरावर वेगळ्या लोकरीचं ठिगळ. ते ठिगळ मर्टलने घातलं होतं, स्वेटरही तिनेच विणलेला.

ती बघत राहिली. त्या बाईला पाठीवर नजर जाणवली असावी. ती वळली.

"काय झालं, आजी? काही लागलंय का मागे?"

"नाही. तो स्वेटर. गरम पाण्यात धुऊ नकोस. आटेल."

"असं होय?" बाईने बाही चाचपली. "बरं झालं सांगितलंत. मी मशीनमध्येच टाकणार होते. लोकर चांगली आहे हो. तुम्ही विणलाय?"

"हो. माझ्या भावासाठी."

बाईला उलगडा झाला. तिचा हात बाहीवरच थांबला. ती अवघडली, गळ्याशी हात नेऊन म्हणाली, "तुम्हाला परत हवा असेल तर... मी आत्ता काढून देते. खरंच."

"नको, नको. थंडी आहे. घाल तू."

"त्यांना बसायचा का हो? मला थोडा ऐसपैस होतो."

"तो फार घालायचाच नाही," मर्टल म्हणाली. "मी मागे लागले तरी. त्याला थंडी आवडायची."

खाटकाने नंबर पुकारला. त्या बाईने चॉप्स घेतले, जाताना मर्टलच्या दंडाला हलकेच हात लावला आणि बाहेर पडली. मग मर्टलची पाळी आली.

"काय देऊ, मर्टल? नेहमीचंच?"

"नाही," ती म्हणाली. "त्याच्या निम्मं दे."